घागरीची खरी नक्कल

रशिया फुटला त्याचा सगळ्यात जास्त ताप कुणाला झाला असेल, तर तो मला. तिथल्या लोकांचं काय झालं ते पेपरात रोज येत होतं, पण हैदराबादच्या काचीगुड्यातल्या उमाजी लक्ष्मणराव वडजे याचं काय झालं ते कुठल्याच पेपरात आलं नाही. म्हणजे आलं, एका उर्दू पेपरात आलं, आणि तिथूनच तर खरा गोंधळ झाला.

त्र्याण्णव साल होतं. घरात नुकतंच केबल आलं होतं, पण टीव्हीचं टेबल बुटकं आणि मध्ये दिवाण आडवा. त्यामुळे स्वयंपाकघरातून बघताना माझ्या बायकोला, कुसुमला, मालिकेतल्या माणसांची नुसती डोकीच दिसायची. टेबलाच्या पायांखाली काहीतरी घाला म्हणून महिनाभर तिचा तगादा चालला होता. एके दिवशी ऑफिसातून येताना अफझलगंजला वाचनालयापाशी एका बंडीवर रशियात छापलेल्या मराठी पुस्तकांचा ढीग दिसला. देशच मोडीत निघाला म्हटल्यावर पुस्तकांना कोण विचारतो? पुठ्ठे मात्र असे मजबूत, की वरून म्हैस गेली तरी वाकायचे नाहीत. मी एकाच जाडीची चार निवडून घेतली. साहित्य म्हणून नव्हे, हे मी आजही प्रामाणिकपणे सांगतो.

रविवारी दुपारी तीन पायांखाली तीन पुस्तकं सरकवली आणि चौथं हातात असताना लाईट गेली. करायचं काय म्हणून उघडलं, तर ती चारशे पानांची कादंबरी निघाली. लहानशा गावातला सर्व्हे खात्यातला एक कारकून, त्याच्या घराची म्हातारी मालकीण, तिचे नातेवाईक आणि चहा, एवढाच ऐवज. लाईट आली तरी मी वाचतच होतो. आमचा टीव्ही त्यानंतर पंधरा दिवस एका अंगाला कलंडून बातम्या देत होता.

नावांनी मात्र जीव नकोसा केला. पन्नासाव्या पानापर्यंत माझी अशी समजूत, की त्या मालकिणीच्या घरात अकरा माणसं राहतात. नीट मोजली तेव्हा चारच निघाली. त्या मालकिणीलाच कारकून ‘ग्लाफिरा तिखोनोव्ना’ म्हणतो, बहीण ‘ग्लाशा’ म्हणते आणि पाकिटावर तिसरंच काही लिहिलेलं असतं. मग कुठे उजेड पडला, की मधलं नाव बापाचं. तिखोनची मुलगी ती तिखोनोव्ना. एखाद्याला मान द्यायचा, तर त्याचं नाव आणि त्याच्या बापाचं नाव जोडून हाक मारायची. साहेब नाही, राव नाही, पंत नाही. तो कारकून माझ्यासारखाच फायली उपसणारा, पण त्याला गावचा पाववालासुद्धा ‘सावेली निकोनोविच’ म्हणत होता. मला बावन्नाव्या वर्षी गल्लीतली पोरं ‘टेढे टीव्हीवाले अंकल’ म्हणत होती.

हे आपल्याकडे का नको, असं माझ्या मनानं घेतलं. आपलं तर अर्धं काम पूर्वजांनीच करून ठेवलंय. आधी स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. शेजारचे तेलुगू लोक घराण्याचं नाव एका अक्षरात उरकून पुढे लावतात, तिथं बापाला जागाच नाही. मराठी माणूस मात्र थेट रशियाचा भाऊबंद. मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये मी हा विषय पाऊण तास मांडला. यापुढे सभासदांनी एकमेकांना नाव आणि वडिलांचं नाव घेऊनच हाक मारावी, असा ठरावही केला. त्याला कुणी विरोध केला नाही, कारण तोवर भजी आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीतून, पूर्ण आदरानं, खालच्या मजल्यावरच्या मंडळाच्या सेक्रेटरीला हाक मारली, “प्रकाश गंगाराम”. मराठी शाळेत जो गेलाय त्याला पुढचं सांगायला नको. वर्गात एखाद्याला चिडवायचं असलं, तर त्याच्या बापाच्या नावानं हाक मारायची, ही आपली रीत. ती माझ्या कशी ध्यानात राहिली नाही देव जाणे. सत्तेचाळीस वर्षांचा प्रकाश चौथीतल्या पोरासारखा लाल झाला आणि वर बघून माझ्या वडिलांचं नाव, मागचा राव काढून, तीनदा ओरडला. त्यात त्याचे वडील गंगारामबापू ओट्यावर दात घासत बसले होते. त्यांना वाटलं आपल्यालाच बोलावलं. हातात तांब्या घेऊन ते जिना चढून वर आले आणि काय काम काढलं म्हणून विचारू लागले. काम काहीच नव्हतं. त्यांना चहा पाजून खाली पोचवावं लागलं.

बायकांचं तर त्याहून अवघड. प्रकाशची बायको शोभा नवऱ्याचं नाव घेत नाही, सासऱ्याचं तर मुळीच नाही, आणि माझ्या ठरावाप्रमाणे दोन्ही एका दमात घ्यायची. ती चार दिवस नवऱ्याशी बोललीच नाही. ते चार दिवस बरे गेले, असं प्रकाशनं पुढे मला खासगीत सांगितलं. आमच्या कुसुमनं तीस वर्षांत माझं नाव घेतलं ते उखाण्यात, आणि एकदा दवाखान्याच्या फॉर्मवर. ‘अहो’ बरं आहे, सुटसुटीत आहे, असं तिचं मत पडलं. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर खलीलभाई बसतात. त्यांना मी अब्बांच्या नावासकट सलाम केला, तर ते दचकून उभेच राहिले. “मियाँ, बाप का नाम तो हमारे यां पुलिस पूछती,” ते म्हणाले. ठराव आठवड्यात बारगळला आणि माझा मान होता त्याहून दोन पायऱ्या खाली आला.

हे प्रकरण इथंच मिटायला हवं होतं. पण पुस्तक घरातच होतं, आणि दुपारच्या वेळी ते कुसुम वाचत होती.

तिच्या जिवाला तेव्हा वेगळाच घोर लागला होता. तिचे वडील नामदेवराव बिराजदार, वय एक्क्याऐंशी, नारायणगुड्यात एका खोलीत एकटे राहायचे. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झालेली, आणि कुसुम एकुलती. ती जुनी इमारत पाडून तिथं कॉम्प्लेक्स होणार होतं. त्या दिवसांत हैदराबादेत जे पडेल त्याचं कॉम्प्लेक्सच व्हायचं. दसऱ्यापर्यंत खोली रिकामी करायची होती. आमचा विकास पुण्याला नोकरीला, घरात आम्ही दोघंच, तेव्हा मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आमच्याकडे यावं म्हणून आम्ही त्यांच्या मिनतवाऱ्या करत होतो. पण माणूस जुन्या चालीचा. लेकीच्या घरी दिवसाउजेडी चहा घेतील, मुक्काम करणार नाहीत. ते देगलूरकडे गावी पुतण्याकडे जायला निघाले होते. त्या गावात पन्नास वर्षांत त्यांनी चार दिवस सलग काढले नव्हते. सकाळी सहाला तिथं त्यांना चहा कोण देणार, या एका प्रश्नानं कुसुम झुरत होती. एकदा ती त्यांच्यापुढे फारच रडली, तेव्हा ते म्हणाले, “गंगू, लेक दिली की दिली. तुझ्या नावात मी नाही, तुझ्या घरात कसा राहू?”

गंगू हे तिचं माहेरचं नाव. लग्नात आमच्याकडे ताटातल्या तांदळात ‘कुसुम’ लिहिलं, मधे माझं नाव आलं आणि शेवटी आडनाव. तिघं नवे आले, तिघं जुने गेले. आपल्याकडे सगळ्यांचंच असं होतं, म्हणून त्याचं कुणाला काही वाटत नाही.

आठ दिवसांनी ती पुस्तकात बोट घालून माझ्यापुढे उभी राहिली.

“या ग्लाफिराचं लग्न झालंय ना?”

“दोनदा,” मी म्हणालो.

“मग हिच्या नावात अजून बाप कसा?”

मला माहिती द्यायची खोड आहे, आणि ती वाईट आहे. मी चष्मा पुसून सविस्तर खुलासा केला, की त्यांच्यात लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, बापाचं नाव बदलत नाही. नवरे येतात, नवरे जातात, पण तिखोन जागचा हलत नाही. तो मरून चाळीस वर्षं झाली, ही स्वतः अडुसष्ट वर्षांची झाली, तरी पाववाला रोज सकाळी त्याचं नाव घेतोच. कुसुमनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, “माझ्याबरोबर माहेरची भांडी आली. नाव नाही आलं.”

दुसऱ्या दिवशी तिनं जाहीर केलं, की ती आपलं नाव कुसुम नामदेवराव वडजे असं करून घेणार, सरकारी कागदावर, शिक्क्यासकट. मग बघू बाबा काय सबब सांगतात ते. आडनावाबद्दल आपली काही तक्रार नाही, असं तिनं मला समजुतीनं सांगितलं, म्हणजे उरलेल्याबद्दल होती. तीस वर्षं मी तिच्या नावाच्या मधोमध बसलेला माणूस. मला तिथून उठवून सासऱ्यांना बसवायचं, आणि खेटे कुणी घालायचे, तर मी, कारण सरकारी ऑफिसं मला कळतात. अपमानानं मी दोन वेळा जेवलो नाही. तिसऱ्या वेळी भरली वांगी होती. पण खरं सांगू का, तिच्या तोंडाकडे बघून मला नाही म्हणता आलंच नसतं.

नाव बदलायच्या ऑफिसातल्या क्लार्कच्या मते माणसाला नाव बदलायला कारणं तीनच असतात, लग्न, तलाक आणि न्यूमरॉलॉजी. लग्न होऊन तीस वर्षं झालेली, तलाक नको होता, तेव्हा नावात एक जादा अक्षर घाला आणि मोकळे व्हा, असा त्याचा मित्रत्वाचा सल्ला होता. मी वडिलांवरची माया असं कारण सांगितलं. तो म्हणाला, तसा रकाना नाही. शेवटी ‘इतर’वर तडजोड झाली, पण मग पुराव्याचं निघालं. ही बाई नामदेवरावांची मुलगी कशावरून? जन्माचा दाखला नाही. शाळेचा दाखला उर्दूत, आणि त्यावर गंगू, कुसुम नव्हे. लग्नाची नोंद केलेली नाही. घरातले सगळे कागद उलटेपालटे केले. कुसुम ही नामदेवरावांची लेक आणि माझी बायको, या दोन्ही गोष्टी एका जागी लिहिलेली एकच वस्तू सापडली, ती म्हणजे लग्नात आलेली पितळी घागर. तिच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं, ‘गंगू भ्र. उमाजी लक्ष्मणराव वडजे हीस वडील नामदेवराव बिराजदार यांजकडून’. भ्र. म्हणजे भ्रतार. तो मी.

घागर मांडीवर घेऊन मी बसनं ऑफिसात गेलो. कंडक्टरनं तिचं लगेज तिकीट फाडलं. क्लार्कनं पेन्सिलीनं तिच्यावर दोनदा टकटक केलं, आत वाकून पाहिलं आणि ओरिजिनल नक्को म्हणाला, अटेस्टेड ट्रू कॉपी लाओ. घागरीची खरी नक्कल कशी काढायची, हे त्याला विचारलं, तर त्यानं लंच झाल्याचं सांगितलं.

इथं खलीलभाई धावून आले. त्यांनी घागरीवर पातळ कागद गुंडाळला आणि वरून पेन्सिल घासली. लहानपणी नाण्यावर घासायचो तशी. अक्षरं कागदावर अलगद उमटली, शेवटच्या ठिपक्यासकट. तो कागद आणि घागर घेऊन आम्ही आमच्या साहेबांपुढे उभे राहिलो. साहेब अठ्ठावीस वर्षांचे, नवीन, कॉम्प्युटर शिकून आलेले. त्यांनी कागद तीनदा फिरवला, मग घागर तीनदा फिरवली, आणि सही करून खाली लिहिलं, ‘मूळ घागरीशी ताडून पाहिली, बरोबर आहे’. माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत इतका स्वच्छ शेरा मी पाहिलेला नाही.

आता फक्त पेपरात जाहिरात उरली होती. खलीलभाईंचे मेहुणे एका उर्दू पेपरात होते, तिथं ती घरच्या घरी छापून झाली. मजकूर नेहमीच्या नमुन्यातला, की मी, जी आजवर उमाजी वडजे यांची बायको म्हणून ओळखली जात होते, ती यापुढे नामदेवराव यांची मुलगी म्हणून ओळखली जाईन, सर्वांनी नोंद घ्यावी. मला उर्दू वाचता येत नाही. मजकूर वाचून दाखवा म्हणायचं मला सुचलं नाही, आणि ही माझी चूक मी मान्य करतो.

आमच्या इमारतीत उर्दू पेपर वाचणारे एकटे गंगारामबापू. जाहिरात सकाळी सातला त्यांच्या हाती पडली, आणि नऊ वाजेपर्यंत आमचा काडीमोड झाल्याचं सगळ्या गल्लीला कळलं होतं. शोभा माझ्यासाठी पिठलं-भाकरी घेऊन आली, कारण घरातली चूल थंडावली असणार. दार कुसुमनंच उघडलं. डबा तिच्याच हातात देऊन शोभा रडली. प्रकाश जुनं भांडण विसरून वर आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, की पुरुषानं वाकावं, त्यात काही जात नाही. गंगारामबापू पुन्हा जिना चढून आले आणि कुणी मेल्यासारखे कोपऱ्यात बसून राहिले. खलीलभाईंना जाहिरात वाचल्यावर घोटाळा कळला होता. ते माफी मागायला आले आणि गर्दी बघून गंगारामबापूंच्या शेजारी जाऊन बसले. मी एकेकाला रशियापासून समजावून सांगत होतो. तिखोन, त्याची मुलगी, तिचे दोन नवरे. जो तो माझ्याकडे कीव करून बघत होता. बायको गेल्यावर माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो, असं कुणीतरी हळूच म्हणालंसुद्धा.

अकराच्या सुमाराला खाली ऑटो थांबला. आधी ट्रंक वर आली, मग वळकटी, आणि मग काळी टोपी घातलेले मामा, एका हातात काठी, दुसऱ्यात उर्दू पेपर. उर्दू शाळेत शिकलेला माणूस, उभा जन्म तोच पेपर वाचलेला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ते थेट कुसुमपाशी गेले आणि पेपर काखेत मारून त्यांनी तिचा खांदा धरला.

“गंगू, घाबरायचं नाही,” ते म्हणाले. “तुझा बाप जिवंत आहे. मी सामान घेऊन आलोय. तू इथं राहा नाहीतर कुठंही राहा, मी तुझ्याबरोबर आहे.”

कुसुमला हसू आणि रडू एकदमच आलं. मला सांगायला लाज वाटत नाही, काठी माझ्याच रोखानं धरलेली होती, तरी मीही चष्मा काढून डोळे पुसले. मग तिनं त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि काय झालं ते सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, “तुम्हीच म्हणालात, तुझ्या नावात मी नाही. आता आहात.”

मामांनी जाहिरात पुन्हा वाचली, एकेका शब्दावर बोट ठेवून. बराच वेळ ते आपल्याच नावावर बोट ठेवून बसले. मग त्यांनी विचारलं, “आणि माझ्या माघारी? तेव्हा परत बदलणार?”

“नाही बदलत ते. ग्लाफिराचं नाही बदललं.”

“कोण ग्लाफिरा?”

लोक पांगले. पांगताना ते थोडे नाराज वाटले. शोभानं डबा परत नेला. आणि मामाही काठी टेकून उठले. भांडण नाही म्हटल्यावर मुक्कामाला कारण नाही, ऑटो अजून कोपऱ्यावर असेल, असं म्हणाले. नावात जागा मिळाली, समाधान झालं, पण चाल ती चाल. कुसुमचा चेहरा पडला. तो मला बघवेना. मी ते पुस्तक आणून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणालो, मामा, माझी एवढी बेअब्रू ज्याच्यामुळे झाली ते निदान वाचून तरी जा. मराठी ते अक्षर लावून लावून वाचतात, हे मला ठाऊक होतं. त्यांनी पुस्तकाची जाडी पाहिली, कुसुमकडे पाहिलं, आणि खाली बसले.

“वाचून झालं की जाईन,” ते म्हणाले.

दसरा गेला, दिवाळी गेली. रोज सकाळी सहाच्या चहानंतर मामा गॅलरीत बसून मोठ्यानं दोन पानं वाचत, कधी लांबली तर तीन. ऐकायला गंगारामबापू जिना चढून येत. दोघं मिळून त्या कारकुनाला सल्ले देत आणि ग्लाफिराच्या दुसऱ्या नवऱ्याला शिव्या. कुसुमचा नाव बदलल्याचा सरकारी गॅझेटचा कागद आला, तो मामांनी स्वतः कपाटात ठेवला. घर कसं भरलेलं वाटत होतं. पण संक्रांत गेली, फाल्गुन लागला आणि पुस्तकाची उजवी बाजू पातळ व्हायला लागली. कुसुम केर काढताना उरलेली पानं मोजायची. मी मामांच्या हातात पेपर दे, त्यांना केबलवर पौराणिक मालिका लावून दे, असे उपाय करून पाहिले. ते मालिका बघत आणि मग दोन पानं वाचतच.

शेवटचं पान एका रविवारी सकाळी झालं. गंगारामबापूंनी सुस्कारा सोडला. मामांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढून पुसला आणि आत आले.

“गंगू, माझी ट्रंक कुठाय?”

कुसुमनं पलंगाखाली बोट दाखवलं. मामांनी ट्रंक बाहेर ओढली, उघडली, आतली धोतरं आणि सदरे काढून पलंगावर ठेवले.

“हे कपाटात लाव, आणि ट्रंक माळ्यावर टाक,” ते म्हणाले. “त्या पुस्तकात शेवटी कोण कुणाचा काका, हेच मला समजलं नाही. परत पहिल्यापासून वाचावं लागेल.”

कोण कुणाचा काका, ते मला तोंडपाठ होतं. मी ट्रंक उचलली आणि स्टूल आणायला गेलो.